नोरीनची पापणी

शनिवारी सिग्नेट गावात शेजारच्या सफरचंदबागेतल्या सामानाचा लिलाव होता. ब्रिजेटनं आईची चाकांची खुर्ची पुढच्या रांगेत लावली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या दुखण्यानं नोरीनचे पाय कधीच गेले होते. डावी पापणी मात्र मनाला येईल तेव्हा फडफडायची. इथले जुने लोक बोली डोळा मिचकावूनच लावतात. हातोडा पडला आणि फळं उतरवायची उंच शिडी नोरीनच्या गळ्यात पडली.

"नोरीन, ही बोली तुझी की तुझ्या दुखण्याची?" लिलाव पुकारणाऱ्या डेसनं विचारलं. लोक हसले.

"दुखण्याची. पण घेतली म्हणजे घेतली. गाडीवर चढव, म्हाताऱ्या!"

परतताना ती म्हणाली, "माझ्यापायी अडकलीस गं इथं." ब्रिजेट नेहमीसारखी गप्प राहिली.

दुसऱ्या सकाळी नोरीन उठली नाही. डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली. तेवढ्यात डावी पापणी थरथरली. त्यांनी पुन्हा, बराच वेळ नाडी पाहिली. "स्नायूंचं होतं असं कधीकधी," ते म्हणाले. पण दारापर्यंत जाताना त्यांनी तिच्याकडे पाठ केली नाही.

महिन्याभरानं धाकटा भाऊ ग्रँट मेलबर्नहून आला. "आईचं घर, बाग, सगळं विकू. सुटलीस तू, ताई." ब्रिजेट काही बोलली नाही. तोच होकार धरला गेला.

लिलाव घरासमोरच झाला. स्वच्छ ऊन होतं, झाडांखाली कुजलेल्या फळांचा आंबूस वास. होबार्टचा एक बिल्डर बोली चढवत होता. डेसनं डावीकडे पाहिलं, मान डोलावली, आकडा वाढवला. बिल्डरनं वाढवला. डेसनं पुन्हा डावीकडे पाहिलं.

"तिकडं कोण आहे?" ग्रँट कुजबुजला.

नासपतीच्या झाडाखाली कुणीच नव्हतं.

"बोली कुणाची, ते तरी सांगा!" बिल्डर खेकसला.

डेसच्या कपाळावर घाम आला होता. "मला दिसतेय," तो म्हणाला.

बिल्डरनं नकाराची मान हलवली.

हातोडा वर गेला आणि तिथंच राहिला.

झाडाखालचं गवत चाकांच्या दोन रेघांत दबलेलं होतं. बघता बघता रेघा हातभर पुढं सरकल्या.

ब्रिजेट उठली. "थांब डेस. विकायचं नाही."

"ताई, वेड लागलंय का?" ग्रँटनं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवला आणि सगळ्यांदेखत झाडाकडे तोंड करून उभी राहिली.

"आई, मी अडकले नव्हते. मला इथंच राहायचं होतं."