कराची किती लांब?

रेवसच्या धक्क्यावर ओहोटीमुळे बोट अडकलेली, आणि कोकिळेच्या हातातला हिंदुस्थानचा नकाशा वाऱ्यानं चक्क पळवला! शाळेसाठी मुंबईहून मागवलेला, कोरा करकरीत!

एका तरुणानं झडप घालून त्याचं टोक पकडलं.

"अहो, फाटेल ना!"

"कराची मी घट्ट धरलीय. तुम्ही फक्त मद्रास सोडू नका."

कोकिळेला हसू फुटलं. चौलच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी ही विशीतली बाई... वर्गात कध्धी हसत नसे हं!

तो पालीचा चांगदेव. कराचीला विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा. महिन्याच्या रजेवर आला होता.

"कराची? बाई गं... केवढी लांब!"

तिनं नकाशाच्या गुंडाळीला बांधलेला दोरा घेऊन मुंबईपासून लावला. मुंबई, दमण, सुरत, मग खंबायतच्या आखातात आत, बाहेर, काठेवाडाला वळसा—

"विमान काय किनाऱ्याकिनाऱ्यानं जातं?"

"मग? वादळ आलं तर आसरा कुठं घेणार?"

गलबत हाकणाऱ्या तांडेलाची लेक ती! चांगदेव खो खो हसला. मग हलकेच दोऱ्याचं दुसरं टोक धरून त्यानं तो सरळ ताणला. दोरा निम्मासुद्धा लागला नाही.

"बघा... किती जवळ आहे." नकाशाकडे मात्र तो बघतच नव्हता.

पुढे तो पालीहून थेट चौलला येऊ लागला. नारळ घ्यायला म्हणे! रजा संपत आली, तेव्हा कसाबसा धीर करून त्यानं तिच्या वडिलांना विचारलं. धर्माजी तांडेल ओटीवर शीड शिवत होते.

"कराचीला पोर देऊ? वारा पडला तं गलबताला महिना लागतो. हिला बघाया कवा यायचा मी?"

"आबा, विमान सकाळी सुटतं, दुपारी मुंबईत."

"त्याच्यात मानसं बसतात?"

चांगदेवाचे कान लालबुंद झाले. "सध्या... टपालच जातं."

"म्हंजे पोरीला पाकिटात घालून धाडू व्हय?"

कोकिळा हसली, पण डोळे भरून आले. आईमागे आबांना तिच्याशिवाय होतंच कोण?

"आबा, आगबोटीनं दोन दिवस लागतात. मी चौकशी केलीय. दर सुट्टीत येईन. आणि मला पोचवायला तुम्हीच चला."

"बिनशिडाच्या बोटीत?" आबांनी सुई शिडात खोचून ठेवली. "...बगू तरी, कशी चालते ती."

ते नाक ओढत आत गेले.

"चौकशी कधी केलीत?" चांगदेव चकित.

"तुमच्या दुसऱ्या नारळाला. आबांना विचारलंत, मला कुठं विचारलंय अजून?"

तो जवळ येऊन काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं! शेवटच्या बाकाला ऐकू आलं पाहिजे."

"माझ्याशी... लग्न कराल?"

"हो!"

"आयकला रं, आयकला!" आतून आबा ओरडले.