खाल्लेला ठोका

सिंगापुरात टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल आपलं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सूटबूटवाल्या साहेबापासून टेबलं पुसणाऱ्या आंटीपर्यंत सगळे तो पाळतात. मी तर जरा जास्तच पाळते. म्हणून त्या शनिवारी दुपारी आंग मो किओ भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, कोपीचा, इथल्या कॉफीचा, कप घेऊन परतले आणि माझ्या टेबलाशी एक भिजलेला माणूस बसलेला दिसला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. माझं पाकीट त्याने अदबीने एका कडेला सरकवलं होतं आणि दोन चॉपस्टिक घेऊन तो टेबलाच्या काठावर काहीतरी वाजवत होता. मी भांडायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं.

तो माझा ताल वाजवत होता. मी रचलेला. आधी संथ जोड्या, मग घाईघाईची फेरी, आणि मग ऐन रंगात आल्यावर... एक ठोका खाल्लेला. सगळं गप्प. की पुन्हा धडाधड सुरू. तो गप्प ठोकासुद्धा त्याने जिथल्या तिथे ठेवला होता.

"हे कुठून उचललंत?" मी सरळ मराठीतच विचारलं. असा ताल वाजवणारा दुसरा कोण असणार?

त्याने वर पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि त्यामागचे डोळे उगाचच हसरे होते. "चॉपस्टिक? त्या नूडल्सवाल्याकडून. चमच्यांच्या शेजारी ठेवलेल्या असतात."

"ताल. ताल कुठून उचललात?"

"उचलला नाही हो. लहानपणापासून माझ्याकडेच आहे."

"माझा आहे तो."

"बरं. आणि हे टेबल?"

"तेही माझंच आहे."

"मग निदान पाऊस तरी अर्धा अर्धा करू," तो म्हणाला आणि समोरची खुर्ची त्याने मलाच देऊ केली. माझ्याच टेबलाची खुर्ची. मी उभ्या उभ्या कोपी संपवली, जीभ पोळून घेतली आणि फणकाऱ्याने निघाले. टिश्यूचं पाकीट तिथेच राहिलं.

हा राग समजायचा तर माझी गोष्ट ठाऊक हवी. मी क्षिप्रा. सोमवार ते शुक्रवार रॅफल्स प्लेसच्या बँकेत नोकरी, आणि शनिवार-रविवार आमच्या ढोल-ताशा पथकाची प्रमुख. आमच्या कम्युनिटी क्लबात दरवर्षी तालवाद्यांची स्पर्धा होते. चिनी ढोल, मलय कोंपांग डफ, शाळांचे ड्रमवाले, सगळे उतरतात. २०१३ साली आम्ही जे सगळी पथकं वाजवतात तेच वाजवलं. परीक्षक गोड हसून म्हणाले, "छान, पण ऐकलेलं." ते 'ऐकलेलं' मला वर्षभर टोचत होतं. आई लहानपणापासून सांगायची, दुसऱ्याची री ओढू नये. म्हणून या वर्षी मी स्वतः ताल रचला, फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर बोटं आपटत. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पूर्णपणे माझी होती. आणि ती एक परका माणूस चॉपस्टिकवर वाजवत होता.

तो फार वेळ परका राहिला नाही. पाऊस ओसरल्यावर मी क्लबात स्पर्धेच्या बैठकीला गेले, तर माझ्या मागोमाग तोच आत शिरला. अंकुर. जुरोंग आयलंडवर इंजिनिअर, आणि पश्चिमेकडच्या मराठी मंडळींनी नव्याने काढलेल्या पथकाचा प्रमुख. आयोजक मिसेस टॅन यांनी दोन्ही पथकांची रेकॉर्डिंग लागोपाठ वाजवून दाखवली आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"सेम म्युझिक. हाऊ कॅन?"

नियम साधा होता. संगीत कुठूनही घ्या, पण कुठून घेतलं ते सांगा. एकाच उगमातून दोघांनी घेतलं तर हरकत नाही, सादरीकरण वेगळं हवं. मात्र एकाने दुसऱ्याचं उचललं असेल तर उचलणारा बाद.

"यू टू गो अँड सेटल, लाह. नेक्स्ट वीक टेल मी. कॅन?"

"कॅन," अंकुर म्हणाला.

"कॅनॉट," मी म्हणाले. मिसेस टॅननी फक्त त्याचंच ऐकलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी तो आमच्या सरावाच्या जागी आला. आम्ही बहुमजली कार पार्कच्या गच्चीवर वाजवतो, कारण खाली वाजवलं की शेजारी तक्रार करतात. आमच्या झांजवाल्या मीनलताईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"भांडायला निघालीस ना? मग हे झुमके कशाला?"

"ताई, तुम्ही झांजा पुसा."

अंकुरने ढोल कमरेला बांधला, टिपरू हातात घेतलं आणि वाजवून दाखवलं. चांगलं वाजवत होता. फार चांगलं, हे मला कबूल करावंच लागलं, पण मनातल्या मनात. खाल्लेल्या ठोक्याला त्याचा हात हवेत थांबायचा आणि तो डोळे मिटायचा.

"तिथे डोळे का मिटता?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. सगळ्या तालात माझी आवडती जागा." त्याने चष्मा पुसला. "आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे मुलींची शाळा होती. पुण्यात. पंधरा ऑगस्ट जवळ आला की त्यांच्या कवायतीचे ड्रम सुरू व्हायचे. मी इकडे बाकावर तेच वाजवायचो. त्या गप्प जागेला मला वाटायचं, पलीकडे नक्की कोणीतरी आहे."

मी त्याला शाळेचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मी गच्चीच्या कठड्याला टेकले.

पलीकडे मी होते. साइड ड्रम, पहिली रांग. ओट्यावर आपटत मी जे 'रचलं' होतं, ते माझ्या बोटांना शाळेपासून पाठ होतं. माझ्याच लक्षात नव्हतं.

"म्हणजे उचललं मी," मी म्हणाले. इतके दिवस जे माझं म्हणून मिरवलं, ते आमच्या कवायतीच्या निशिकांत सरांचं निघालं.

अंकुर हसला नाही. हसला असता तर मी त्याला ढोलासकट खाली ढकललं असतं. तो म्हणाला, "सरांनाच विचारू या का?"

शाळेतल्या मैत्रिणीकडून नंबर मिळवला आणि स्पीकरवर फोन लावला. सरांचा आवाज तसाच होता, मैदानभर पोचणारा.

"अगं पोरी, माझी कसली चाल? आमच्या गावच्या बेंदराची हलगी ती. बैलांच्या मिरवणुकीत वाजायची. मी तुमच्या ड्रमवर बसवली. ज्याला पाहिजे त्यानं वाजवावी."

"आणि सर, मधे तो एक ठोका खाल्लेला आहे ना, तो?"

"कुठला ठोका? हलगीत थांबायचं नाव नाही. थांबली तर बैल बुजेल." आणि एकदम सर खदखदून हसायला लागले. "अगं, ती तू! तुझ्या ड्रमचा पट्टा सारखा घसरायचा खांद्यावरनं. नेमकी तिथंच तो वर ओढायला थांबायचीस. ओरडून दमलो मी. शेवटी सगळ्या पोरींना सांगितलं, क्षिप्राबाईंचा पट्टा वर होईस्तोवर थांबा."

मी फोन ठेवला. मीनलताई झांजा इतक्या मन लावून पुसत होत्या की त्यांना सगळं ऐकू गेलंय हे उघड होतं.

"म्हणजे..." अंकुर हळूच म्हणाला, "इतकी वर्षं मी तुमच्या पट्ट्यासाठी थांबतोय."

माझे कान गरम झाले. झुमके काढून ठेवायला हवे होते असं वाटलं.

"चाल सगळ्यांची निघाली," मी कसंबसं म्हणाले. "माझी फक्त चूक."

"तेवढीच तर तुमची स्वतःची आहे. ती दुसऱ्या कोणाला सुचली नसती." त्याने टिपरू पिशवीत ठेवलं. "मिसेस टॅनना सांगू, उगम एक, बेंदराची हलगी. आम्ही मूळची वाजवू, न थांबता. तो ठोका मात्र तुमचा. आमच्याकडून परत."

हे अगदी रास्त होतं. मला हवं होतं तेच मिळालं होतं. तरी तो लिफ्टकडे निघाला तेव्हा मला मुळीच आनंद झाला नाही. त्याच्या आवडत्या जागेवरून मी त्याला उठवलं होतं, आणि त्याने हूं की चूं केलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी त्यांचं पथक आमच्या आधी होतं. अंकुर पुढे, मागे जुरोंगची मंडळी, रांगा मोडत आणि पुन्हा जुळवत. हलगीची चाल ढोलावर अशी धावली की कोंपांगवाली मुलंही खुर्चीतून उठली. ती जागा जवळ आली. मी विंगेत ताशा गळ्यात अडकवून उभी होते आणि श्वास रोखला होता. ठरल्याप्रमाणे पथक थांबलं नाही. एकही ढोल थांबला नाही.

एक सोडून.

अंकुरचा हात हवेत होता. मागे सगळे वाजवत होते आणि तो एकटा टिपरू उचलून थांबला होता, एका ठोक्यापुरता. या वेळी त्याने डोळे मिटले नव्हते. तो विंगेत, माझ्याकडे पाहत होता.

मग आमची पाळी आली. काय वाजवलं ते मला नीट आठवत नाही. फक्त त्या जागेला आमचं अख्खं पथक थांबलं आणि त्या शांततेत आमच्याच रांगेतून कोणीतरी हलकेच शिट्टी वाजवली, एवढं आठवतं. मला वाटतं, मीनलताई असाव्यात.

बक्षीस कोंपांगवाल्या मुलांना मिळालं आणि ते योग्यच होतं. आम्ही दुसरे. परीक्षक माइकवर म्हणाले, "आंग मो किओ, व्हेरी ओरिजिनल पॉज." आणि मग, "जुरोंग, एक्सलंट. ओन्ली, द लीडर मिस्ड वन बीट." सभागृह हळहळलं. मला मात्र हसू आवरेना.

प्रेक्षकांत जागा शोधायला गेले तर रांगेच्या टोकाला अंकुर बसला होता. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर टिश्यूचं पाकीट होतं. कोपऱ्यात पावसाने चुरगळलेलं. माझंच, हॉकर सेंटरमधलं.

"ही जागा कोणाची आहे?" मी विचारलं.

"पाकीट ज्यांचं त्यांची. फार कडक आहेत त्या, तुम्ही बसू नका."

मी पाकीट उचललं आणि बसले. आमचे खांदे एकमेकांना लागले आणि कोणीच सरकून घेतलं नाही.

"एका ठोक्यापायी तुमचं तिसरं बक्षीसही गेलं," मी म्हणाले. "ठोका परत केला होतात ना?"

"केला होता. पण तिथे आल्यावर हात खाली येईना. सवय आहे हो मला..." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमच्यासाठी थांबायची. मला ती सोडायची नाहीये, क्षिप्रा."

इतक्या वेळात मला सुचायला हवं होतं एखादं चटपटीत उत्तर. मी एरवी बरी असते त्यात. पण ती जागा आली आणि मी एक ठोका खाल्ला. तो वाट बघत राहिला, अगदी सवयीने.

"मग नको सोडूस," मी म्हणाले.

'तू' ऐकून त्याने मान वळवली. समोर मिसेस टॅन आभार मानत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते, आणि अंकुर खुर्चीच्या हातावर दोन बोटांनी तोच ताल धरत होता. त्या जागेशी आल्यावर त्याची बोटं थांबली. मी माझा हात त्यांच्यावर ठेवला आणि पुढचा ठोका आम्ही मिळून दिला.