बोटाने बघायचं घड्याळ

धूळ आत जाऊ नये म्हणून झाकण घट्ट हवं आणि एका बोटाने उघडावं म्हणून सैल हवं. एकाच झाकणाकडून या दोन्ही गोष्टी मागणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर माझा भाऊ असतो.

मंगेशचे डोळे चिरेखाणीत गेले. जांभ्याचे तांबडे चिरे कापणाऱ्या यंत्राचं पातं फुटलं आणि त्याचे तुकडे थेट चेहऱ्यावर आले. त्यानंतर वर्षभर तो खाटेवरून उठला नाही. मग एक दिवस उठला तो आमच्या आचऱ्याच्या घराला लागूनच असलेल्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसला, आणि तेव्हापासून गिरण तोच चालवतो. पीठ चिमटीत धरून तांदूळ किती जाड दळला गेलाय ते सांगतो. पैसे बोटांनी ओळखतो. अडायचं ते एकाच ठिकाणी. दिवसातून चार वेळा त्याला कुणालातरी विचारावं लागायचं, किती वाजले?

"टायम विचारलंय की लोक टायम सांगतत आणि वर माझो हातव धरतत," तो म्हणायचा. "हात कित्याक धरूचो?"

मी त्याला वेळ बोलून सांगणारा फोन दिला. आठवडाभरात त्याने तो पिठाच्या डब्यात पुरून ठेवला.

"ह्यो सगळ्या गिरणीक बोंब मारून सांगता. माका टायम एकट्याक होयो, ताई. गुपचूप."

ते मला लागलं. मी पुण्यात बरीच वर्षं कारखान्यांसाठी साचे बनवले, आता गावी परत येऊन पडवीत एक छोटा लेथ टाकलाय. बोटीच्या इंजिनांचे भाग करून देते. मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या बाता मारणाऱ्या बाईला भावासाठी एक घड्याळ करता येत नसेल तर त्या लेथवर कपडे वाळत घालावेत.

कल्पना जुनीच आहे. काच नसलेलं घड्याळ. झाकण उघडायचं, जाड काट्यांवरून बोट फिरवायचं, कडेच्या उंचवट्यांवरून तास ओळखायचा. पण काच नाही म्हणजे काटे उघडे, आणि आमच्याकडे उघडं काही स्वच्छ राहत नाही. रस्त्यावरची तांबडी धूळ, गिरणीतलं पीठ. दोन्ही तेलात मिसळलं की यंत्रात चिखल होतो.

मालवणच्या बाजारात हसनभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी मला एक जुनं चावीचं यंत्र काढून दिलं. "पुरी चावी दिलास की दीड दिवस चलतला," ते म्हणाले. "पण धुळीपासून जप. धूळ ह्येची सवत."

झाकणाने माझा जीव खाल्ला. आट्यांचं, फिरवून बसणारं केलं तर दोन हात लागायचे. दाबून बसणारं केलं तर मंगेशचं नख तुटलं. चुंबकाचं केलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते, पण चिऱ्याच्या धुळीत लोखंड असतं हे शाळेत शिकलेलं विसरले होते. दोन दिवसांत त्या चुंबकाला तांबडी दाढी फुटली. मंगेश तिच्यावरून बोट फिरवून पोट धरून हसला.

शेवटी मला शिकवलं ते तिसऱ्यांनी, खाडीतल्या शिंपल्यांनी. आई तिसऱ्या उघडायला गरम पाण्यात सोडत होती. एरवी सुरीलाही दाद न देणारे शिंपले पाण्यात पडल्याबरोबर आपसूक उघडले. तेव्हा लक्षात आलं की शिंपल्याला उघडायला जोर लागत नाही, मिटून राहायला लागतो. त्याची बिजागरी कायम उघडायच्याच बाजूने ढकलत असते. आतल्या जिवाने धरणं सोडलं की संपलं.

मी तेच केलं. झाकणाखाली रबराचं कडं बसवलं. बंद करताना ते दबायचं आणि धुळीला वाट उरायची नाही. दबलेलं रबर झाकणाला सतत वर ढकलायचं, आणि एक बारीकशी खिट्टी त्याला धरून ठेवायची. खिट्टीला बोट लागलं की झाकण आवाज न करता वर यायचं. म्हणजे मुळातच उघडायला टपलेलं झाकण. कुणी नुसता स्पर्श करायचा अवकाश.

मंगेशने ते पहिल्यांदा उघडलं. बंद केलं, परत उघडलं. असं बराच वेळ चाललं.

"कधी देतलंस?" त्याने विचारलं.

"धुळीत टिकलं की."

त्यासाठी मी एक प्लास्टिकचा पारदर्शक डबा घेतला, तळाशी चिऱ्याची वस्त्रगाळ पूड घातली आणि आत जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला. पंखा चालू झाला की डब्यात तांबडं धुकं व्हायचं. घड्याळाच्या तबकडीवर पांढऱ्या कागदाची चकती चिकटवून तिला व्हॅसलीनचा हात फिरवला होता. एक कण जरी आत गेला तरी तो तिथे चिकटून चुगली करणार होता. तासभराच्या चाचणीत कागद कोरा राहिला, दिवसभराच्याही राहिला. मला आता आणखी मोठी चाचणी हवी होती.

आणि त्याच आठवड्यात गावपळण लागली.

आचऱ्याला दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. हिंदू, मुसलमान, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. माळावर झोपड्या उभ्या राहतात, भजनं होतात, मासे भाजले जातात आणि आम्ही सगळे लग्नाला आल्यासारखे खूश असतो. गाव त्या दिवसांत ज्यांचा आहे त्यांना मोकळा करून द्यायचा, एवढंच आम्हाला लहानपणी सांगितलेलं. ज्यांचा म्हणजे कुणाचा, असं विचारलं की पानात आणखी एक वडा पडायचा आणि विषय संपायचा.

निघायच्या दिवशी आई नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढत होती. आमच्या घरची ती पद्धत आहे. मागे हलतं-चालतं काही ठेवायचं नाही.

"असूंदे की गो चालू," मी म्हटलं.

"आपण नाय तर हय टायम कोणाक होयो?" आई म्हणाली आणि सेल पदरात बांधला.

मी पडवीत गेले. घड्याळाला पुरी चावी दिली, झाकण लावलं, ते डब्यात ठेवलं. डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून प्रत्येक जोडावर पेनाने माझी सही केली. पंखा मोठ्या बॅटरीला जोडून चालू केला आणि पडवीतल्या त्या खोलीला कुलूप घातलं. तीन दिवस कुणी फिरकणार नाही अशी जागा मला पुन्हा कुठे मिळणार होती? आईला सांगितलं नाही. आईला सगळं सांगत बसले असते तर मी लेथला हातही लावला नसता.

मंगेशला मात्र दुसऱ्या दिवशी सांगितलं. आम्ही झोपडीबाहेर ऊन खात बसलो होतो. मला वाटलं तो खूश होईल.

"चालू ठेवलंस?" त्याने विचारलं.

"बंद घड्याळाची कसली चाचणी?"

पलीकडे पोरांचा क्रिकेटचा गोंगाट चालला होता. मग त्याने मान गावाच्या दिशेला वळवली. ती सवय त्याची अजून गेलेली नाही.

"आणि तां उघडूक सोप्या आसा," तो म्हणाला. "म्हणजे कोणाकव जमात."

मी हसले. पण ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं. त्या तीन दिवसांत मी गावाकडे बरेचदा पाहिलं, नारळांचे शेंडे सोडले तर काही दिसत नव्हतं.

कौल मिळाला आणि आम्ही परत आलो. आईने अंगण झाडायला घेतलं. मी चप्पल पायात ठेवूनच पडवीकडे गेले.

कुलूप जसंच्या तसं होतं. बॅटरी उतरून पंखा थांबला होता. डब्याच्या जोडांवर माझ्या चारही सह्या अखंड होत्या. आत सगळ्यावर तांबडी साय धरली होती, घड्याळाच्या झाकणावरसुद्धा. त्या थरावर कसलीही खूण नव्हती. बोटाची नाही, मुंगीच्या पायाचीही नाही.

मी सह्या फाडल्या आणि घड्याळ बाहेर काढलं.

ते चालू होतं.

हातातच मला त्याची टिकटिक लागली. दीड दिवसाचं यंत्र, तीन दिवसांनंतर. मी चावी फिरवून पाहिली. ती फिरेना. पूर्ण भरलेली होती.

धूळ पुसली. खिट्टीला बोट लावलं. झाकण वर आलं.

कागद पांढरा होता. मी भिंग लावून कडेपासून मध्यापर्यंत तपासला. एक कण नाही. माझं झाकण पास झालं होतं, आणि खरं सांगते, एक क्षणभर मी फक्त त्याच आनंदात होते.

मग भिंग काट्यांवर आलं.

हे काटे मी पितळेच्या पट्टीतून कापले होते. त्यांच्यावर कानशीचे ओरखडे होते, ते मी मुद्दाम ठेवले होते, बोटाला पकड मिळावी म्हणून. आता एकही ओरखडा नव्हता. काट्यांच्या कडा गोल झाल्या होत्या. देवळातल्या घंटेचा लोलक हात लागून लागून झिजतो, तशी ती झीज होती, आणि ती काही तीन दिवसांची नव्हती.

कडेचे उंचवटेही झिजले होते. बाकीचे थोडे थोडे. पाचाचा मात्र जवळजवळ सपाट.

पहाटेचे पाच की संध्याकाळचे, ते घड्याळाला सांगता येत नाही.

मी दुसऱ्याच दिवशी मालवणला गेले. हसनभाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"ह्या कोणाच्या हातात होता?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्याच नाय. यंत्र तुमचाच, काटे नवीन आसत. मीच केलंय."

त्यांनी घड्याळ माझ्यासमोर ठेवलं आणि हात फडक्याला पुसले. "बाय, दोन-तीन पिढ्येंनी वापरलेला घड्याळ माका कळता," ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही, पण भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं. मी तो डबा पुन्हा लावला. तीन दिवस, तीच बॅटरी, तीच खोली, गाव मात्र भरलेलं. घड्याळ दीड दिवसात थांबलं. काटे जसेच्या तसे राहिले. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जे झालं होतं ते माझ्यासाठी परत होणार नव्हतं.

आणि इकडे मंगेश रोज विचारत होता, झाला काय? त्याला काय सांगणार होते? मी नवीन तबकडी केली, नवीन काटे कापले, ओरखडे तसेच ठेवले. जुने काटे व्हॅसलीनच्या बाटलीत घालून माळ्यावर टाकले. डबी आणि झाकण बदललं नाही. धूळ आत न घेणारं ते एकच झाकण मला जमलं होतं.

घड्याळ मनगटावर बांधलं तेव्हा मंगेशने आधी झाकणावरून, मग काट्यांवरून बोट फिरवलं. "साडेधा," तो म्हणाला. मी भिंतीवर पाहिलं. साडेदहाच वाजले होते. मी आत जाऊन रडून आले.

त्यानंतर तो बदलला. गिरणीत शीळ घालायला लागला. वेळेवर उघडायचा, वेळेवर बंद करायचा, आणि गिऱ्हाइकांनाच दरडावायचा, "सवापाच झाले, आता उद्या." लोक हात धरेनासे झाले. कुणाला किती वाजले असं त्याने परत विचारलेलं मी ऐकलं नाही. मला हवं होतं ते झालं होतं.

एकच गोष्ट माझ्या नजरेला खटकत होती, कारागिराच्या नजरेला. तो खिट्टी दाबायचा, झाकण वर यायचं, पण बोट लगेच काट्यांवर जायचं नाही. ते हवेत थांबायचं. कधी क्षणभर, कधी चांगला वेळ. मला वाटलं झाकण अडत असेल किंवा रबर चिकट झालं असेल.

परवा संध्याकाळी गिरण बंद करताना मी त्याला विचारलंच. "उघडल्यावर थांबतंस कित्याक? झाकण अडता काय?"

"नाय गो. झाकण बेस आसा."

"मग?"

त्याचं बोट तबकडीच्या वर तसंच थांबलेलं होतं. गिरणीचा पट्टा नुकताच थांबला होता आणि पीठ अजून हवेत होतं.

"रव वायच," त्याने मला हलकेच थांबवलं. "कोणतरी बघता हा."

मी तबकडीकडे पाहिलं. दोन काटे होते, बारा उंचवटे होते.

"मी मधीच बोट घातलंय तर बोटाक बोट लागता," तो म्हणाला. "पयल्यांदा दचाकलंय. आता काय वाटणा नाय. तेंचा झाला की मी बघतंय." आणि मग जरा विचार करून, "तेंकापण दिसणा नसात, ताई. नायतर बोट कित्याक लावतीत?"

थोड्या वेळाने त्याने बोट टेकवलं. "पाच," तो म्हणाला.

घड्याळ मी त्याच्याकडून घेतलेलं नाही. घेतलं तर तो पुन्हा लोकांना वेळ विचारायला लागेल. भिंग लावून नवे काटेही तपासलेले नाहीत.

तसा तो आता कुणाला काही विचारत नाही. फक्त झाकण लावायच्या आधी हात थांबवतो, मान थोडी कलती करतो आणि शेजारी बसलेल्याला विचारावं तसं हळूच विचारतो, "झाला?"

मग झाकण लागतं.