पुलापर्यंत, दोघांनी

त्या दोघांची पहिली भेट झाली ती जिन्यात, आणि तीही अडकून.

ती खालून कॅनव्हासचा तागा खांद्यावर घेऊन वर निघाली होती. तो वरून एक लांबलचक पांढरा फळा काखेत धरून खाली येत होता. जिना इतका अरुंद की तिथं दोन मांजरंसुद्धा एकमेकांना वाट देताना भांडली असती. मधल्या वळणावर ताग्याचं टोक कठड्यात घुसलं, फळ्याचा कोपरा भिंतीला टेकला, आणि दोघं नाकासमोर नाक येऊन थांबले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याच्या चष्म्यावर थेंब होते, आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

"काही अडलंय का?" त्याने विचारलं.

"छे! माझं काय अडणार?" ती म्हणाली. तागा तर इंचभरही हलत नव्हता.

"मग मी आपला उभा राहतो. सावकाश होऊ द्या."

"तुम्ही मागं व्हा ना! फळा घेऊन खाली कुठं निघालात?"

"दार सापडेना. वरच्या मजल्यावर जाऊन आलो. पिशव्यांचा कारखाना..."

"तो याच मजल्यावर. समोर दार आहे, डोळे असतील तर दिसतं."

"डोळे आहेत. काच ओली आहे," तो म्हणाला, आणि असा काही हसला, की तिला तागा जास्तच जड वाटायला लागला.

कारखाना म्हणजे तरी काय? दोन खोल्या, चार माणसं. मोठ्या बाई मालकीण. त्या गिऱ्हाईकं सांभाळायच्या. काकू मशीनवर. दादा बकलं, चेनी आणि पॅकिंग बघायचा. आणि कापायचं काम हिचं. हातात कात्री आणि तोंडातही कात्री, म्हणून सगळे तिला कात्रीच म्हणायचे. पण कामात मात्र सूतभर इकडचं तिकडं व्हायचं नाही.

झालं होतं असं, की एका शाळेच्या तीनशे पिशव्या शिवून, बांधून रवाना झाल्या, आणि तीनशेच्या तीनशे परत आल्या. पट्टे आखूड! काकू म्हणाल्या, मला सांगितलं तेवढे शिवले. दादा म्हणाला, मला आधीच शंका आली होती. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि ओळखीतून या माणसाला बोलावून घेतलं. सहा महिन्यांत कामाची नवी पद्धत लावून द्यायची आणि जायचं, असं ठरलं. त्याने भिंतीवर फळा ठोकला, त्यावर तीन रकाने आखले: 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं'. आणि दुपारपर्यंत काकूंनी त्याचं नाव फळामास्तर ठेवूनही टाकलं.

पद्धत साधी होती. प्रत्येक कामाचं एक कार्ड. काम कुणाच्या अंगावर ढकलायचं नाही, ज्याला जमेल त्याने आपल्या हाताने कार्ड उचलायचं. दुसऱ्याच्या कार्डाला हात लावायचा नाही. तीनशे पिशव्या एकदम शिवायच्या नाहीत. आधी दहा करायच्या, गिऱ्हाइकाला दाखवायच्या, मग पुढं जायचं. दोन आठवड्यांची एक फेरी, आणि फेरी संपली की सगळ्यांनी मिळून बघायचं, काय जमलं, काय चुकलं. शिवाय रोज सकाळी साडेनऊला फळ्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहायचं. उभंच! बसलं की गप्पा लांबतात. काकूंनी गुडघ्यांची तक्रार केली तेव्हा तेवढ्यापुरतं एक स्टूल मंजूर झालं. ते फक्त काकूंचं.

आणि रोज तीन प्रश्न. काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का?

"काल?" कात्री म्हणायची, "काल तुमच्या फळ्याला शिव्या दिल्या."

"आज?"

"आजही देणार. चाळीस पिशव्या कापून झाल्या की लगेच."

"काही अडलंय का?"

"छे!"

हे 'छे' रोजचंच. कात्रीची धार गेली तरी छे, कापड कमी पडलं तरी छे. त्यालाही कारण होतं. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरता ठरता मोडलं होतं. मग वर्षभर शेजारणींनी, आत्यांनी, आत्यांच्या नणंदांनी 'काय गं, कुठं अडलं?' असं विचारून विचारून तिचा जीव नकोसा केला होता. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं होतं, आपलं काही अडत नाही. निदान चारचौघांत तरी नाही.

पण दहा पिशव्यांची ती युक्ती लागू पडली बरं का! दुसऱ्याच फेरीत गिऱ्हाईक म्हणालं, मूठ अरुंद आहे. दहाच पिशव्या उसवाव्या लागल्या. दहा! काकूंनी मास्तरला दुपारी आपल्या डब्यातलं वाढलं. आणि कात्री? तिने शिव्या थांबवल्या आणि फळ्याचा ताबाच घेतला. कार्डं सरळ रेषेत हवीत, अक्षर वाचता यायला हवं, दुसऱ्याच्या कार्डाला कुणी हात लावता कामा नये. 'करायचंय'च्या रकान्यात जुन्या कार्डांची गर्दी झाली तेव्हा तिनेच नियम काढला. तीन फेऱ्या ज्या कार्डाला कुणी हात लावला नाही, ते फाडून टाकायचं. त्याची कुणाला गरजच नाही, उगाच जागा कशाला अडवायची?

"कात्री ती कात्रीच," तो हसून म्हणाला. "पटलं. नियम मंजूर."

अहाहा, किती खूश झाली होती ती त्या दिवशी!

मग एका सकाळी तिने कारखाना उघडला आणि फळ्यावर एक नवं कार्ड दिसलं. डावीकडं कललेलं अक्षर, म्हणजे त्याचंच. 'पुलापर्यंत चालत जायचं. दोघांनी. एक संध्याकाळ पुरे.'

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नदीवरचा तो पूल कारखान्याच्या खिडकीतून दिसायचा, आणि कापता कापता पाठ अवघडली की ती तिथंच बघत उभी राहायची. हे कुणाला ठाऊक असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"हे काय आता?" दादा आल्या आल्या म्हणाला. "हे काय कारखान्याचं काम आहे?"

"तुला काय करायचंय?" काकू कडाडल्या. "तुला तर नाही ना बोलावलं?"

तो चष्मा पुसत उभा राहिला. कार्ड कुणाच्या अंगावर ढकलायचं नाही, हे त्यानंच तर शिकवलं होतं.

त्या कार्डाच्या पहिल्या फेरीत ती स्वतःला म्हणाली, आधी शाळेच्या पिशव्या होऊ देत. चहाच्या वेळी तो खिडकीशी आला.

"पूल अजून जागेवरच आहे बरं का. सकाळीच बघून आलो."

"असेना! पूल कुठं पळून चाललाय?"

"पूल नाही पळत..." तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याने चहाबरोबर गिळून टाकलं.

दुसऱ्या फेरीत तिने मनाचा हिय्या केला. निळा ड्रेस घातला, अर्धा तास आधी आली, फळ्यापाशी गेली. हात वर केला... कार्डाला बोटं टेकलीसुद्धा... आणि जिन्यात दादाची शीळ ऐकू आली. झालं! तिने शेजारचं कार्ड सरळ केलं आणि ओढणी झटकत टेबलाकडं गेली. दिवसभर तो तिच्या निळ्या ड्रेसकडं बघत होता, आणि ती दिवसभर कापडाकडं.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी सगळे फळ्यासमोर जमले. त्या दिवशी बैठक चालवायची पाळी तिची होती. एकेक करत कार्डं संपली, आणि ते एकच उरलं.

"याला तीन फेऱ्या झाल्या की," दादा म्हणाला आणि डोळे मिचकावले. "काय कात्रीबाई, काय करायचं?"

मोठ्या बाई बघत होत्या. काकू बघत होत्या. आणि तो... तो तर तिच्याचकडं बघत होता, चष्मा न पुसता, न हसता. दोन शब्द बोलायचे होते. 'मी घेते.' बस्स, एवढंच. पण तिला चार वर्षांपूर्वीच्या सगळ्या आत्या आणि शेजारणी त्या खोलीत उभ्या असल्यासारख्या वाटल्या. उद्या हे मोडलं, तर? पुन्हा तेच प्रश्न, तीच कीव?

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. हातही तिचेच होते. तिने कार्ड काढलं, दोन तुकडे केले आणि कतरणीच्या पोत्यात टाकले.

"बरोबर," तो हळूच म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

तिला वाटलं होतं, तो दुसरं कार्ड लिहील. काय वेडी असतात माणसं! आपण दार लावून घ्यायचं आणि समोरच्याने पुन्हा कडी वाजवावी म्हणून कान देऊन बसायचं. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती पोत्यापाशी गेली, तर पोतं नव्हतं. दादाने दुपारीच रिकामं केलं होतं.

आठवड्याने त्याचे सहा महिने भरले. मोठ्या बाई त्याला आणखी सहा महिने थांबवून घेणार होत्या. तो म्हणाला, दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय, आणि इथलं काम झालं आहे. निरोपाचा चहा झाला, दादाने नकला केल्या, काकूंनी डोळ्यांना पदर लावला. ती जिन्यापर्यंत गेली, त्याच वळणावर. आज दोघांचे हात रिकामे होते, तरी वाट सुचेना.

"काही अडलंय का?" त्याने विचारलं. तो थांबला, बराच वेळ. खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"छे..." ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि तो उतरून गेला. तो माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. 'नाही' म्हटलं की त्याच्या लेखी ते नाहीच.

पुढच्या फेरीच्या बैठकीत 'काय चुकलं?' हा प्रश्न आला. दादाने बकलांचं काहीतरी सांगितलं. मग तिची पाळी आली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी एक कार्ड फाडलं. ते माझं होतं."

"ठाऊक होतं गं आम्हाला," काकू म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्याच्या कार्डाला हात लावायचा नाही, हे तूच बजावायचीस ना रोज?"

मोठ्या बाईंनी मग सांगितलं, की त्याने त्या बैठकीनंतरच दुसऱ्या शहराला होकार कळवला होता. तोवर तिथल्या लोकांना 'बघतो, बघतो' म्हणत होता. मोठ्या बाईंनी तिचा तो नियमही बदलला. यापुढं फाडण्याआधी विचारायचं, हे कुणाचं आहे. आणि तिला म्हणाल्या, "फोन कर बाई त्याला. अजून काही बिघडलेलं नाही."

तिने लगेच केला असता तर! पण नाही. ही फेरी होऊ दे, ती ऑर्डर जाऊ दे, असं करत करत थंडी संपली, उन्हाळा आला, आणि उन्हाळाही सरला. शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि नंबर लावला.

"कात्री!" पलीकडून तोच आवाज. "फळा कसा आहे?"

"सरळ आहे. तुमच्याकडं?"

"इथंही लावलाय. तुमचा तो नियम मात्र नाही लावला."

ती हसली. मग धीर गोळा करू लागली, पण तेवढ्यात तोच बोलला. "बरं झालं फोन केलात. मीच करणार होतो. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. इथल्याच ऑफिसात आहे ती. तिनेच विचारलं... मी हो म्हटलं."

कठड्याचं लोखंड गार होतं. तिने ते घट्ट धरलं.

"अभिनंदन," ती म्हणाली. "मनापासून."

"तुम्ही कशासाठी केला होता फोन? काही अडलंय का?"

छे अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते परत पाठवलं.

"अडलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा. मला यायचं होतं पुलापर्यंत. कार्ड फाडलं त्या दिवशीसुद्धा यायचं होतं. तुम्ही मला फार आवडत होता... आणि मी ते सांगितलं नाही. तुमच्याकडून आता काही नको मला. फक्त तुम्हाला माहीत असावं."

"मी पण," तो म्हणाला, "एकदा तोंडाने विचारायला हवं होतं. कार्डावर लिहून मोकळा झालो."

दोघांनी एकमेकांना सांभाळून राहायला सांगितलं आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी ती पुलापर्यंत चालत गेली. तशी वीस मिनिटांचीच वाट होती.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला सगळे फळ्यासमोर उभे राहिले.

"काल काय केलं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काल पुलापर्यंत चालत गेले."

"एकटीच?" दादाच्या तोंडून निघून गेलं.

"एकटीच."

यावर कुणी हसलं नाही. दादाने तर मानच खाली घातली.

"आज काय करणार?"

"साठ पिशव्या कापणार."

"काही अडलंय का?"

ती फळ्याकडं बघत राहिली. 'करायचंय'च्या रकान्यात मधोमध थोडी जागा रिकामी होती.

"हो," ती म्हणाली. "अडलंय."

काकू गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि आपलं स्टूल तिच्याकडं सरकवलं.

"बस," त्या म्हणाल्या.