गोलपोस्टमागची काळी छत्री

ही गोष्ट कुणालाच खरी वाटत नाही. शपथ घेऊन सांगितली तर लोक हसतात, बिनशपथेची सांगितली तर निदान कॉफी तरी देतात; म्हणून मी शपथ घेत नाही.

परवा संध्याकाळी आर्या आमच्या ओट्यावर बसली होती. वरच्या खोलीत भाड्याने राहते, पुण्याची पोर, कुठल्याशा कंपनीत दिवसभर कॉम्प्युटर बडवते. हातातल्या फोनवर मॅच लागलेली, आणि मध्येच ते गोल चक्र गरगरायला लागलं.

"शी, परत बफरिंग," ती म्हणाली. "आजोबा, याने ना अक्षरशः जीव जातो."

"जातो," मी म्हटलं. "आमच्या घरात गेलाय. बस, सांगतो."

समोर माझी पुतणी अनुसूया अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. गोष्ट तिचीच. आजवर मी ती कितीकांना सांगितली, पण अनु एकदाही मध्ये बोललेली नाही. शेंग फोडते, दाणे पातेल्यात टाकते, ऐकते. म्हणजे गोष्ट खरीच असणार, नाही का?

तर, ही आपली कोरमंगला तेव्हा अशी नव्हती. संध्याकाळी रस्त्यात गाय बसली की दुसऱ्या दिवशी दूधवालाच तिला उठवायचा. माझे थोरले बंधू, म्हणजे अनुचे वडील अप्पासाहेब, एकेकाळचे हॉकीवाले. त्यांनी मारलेला एक चेंडू अजून खाली आलेला नाही, असं मैदानावरचे लोक सांगतात. पण एका सकाळी दात घासता घासता त्यांचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. उरले दोन शब्द, "अनु" आणि "हॉकी".

अनुची आई आधीच गेलेली. अनुने कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडली आणि वडिलांच्या खाटेला लागून आपली खाट टाकली. स्थळं यायची. कॉफी प्यायची, आतल्या खाटेकडे बघायची, आणि सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, कळवतो म्हणत चपला शोधायची. पुढे पुढे अनु कॉफीत साखर घालायचीही विसरायला लागली. कुणी तक्रार केली नाही. तक्रार करण्याइतका वेळ कुणी बसतच नव्हतं.

आणि केबलवर बघावं तेव्हा क्रिकेट. अप्पासाहेब टीव्हीकडे बघत आणि तोंड भिंतीकडे फिरवत. म्हणून अनु गच्चीवर चढून जुना अँटेना फिरवायची, दूरदर्शनवर कधी हॉकी मिळते का बघायला. त्या दिवशी ऑगस्टातली भुरभुर चालू होती. केस ओले, पदर खोचलेला, आणि ती वरून ओरडतेय, "काका, दिसतंय का?"

मी आतून म्हटलं, "नाही."

तिने काठी फिरवली. "आता? आता दिसतंय का?"

"दिसतंय," रस्त्यावरून आवाज आला. "अगदी स्वच्छ दिसतंय."

खाली एक तरुण रिक्षातून उतरून उभा होता. कडेवर बाळ घ्यावं तसा चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा मॉनिटर, आणि डोळे वर, गच्चीकडे. हा श्रीरंग. नागपूरचा. खोली शोधत हिंडत होता. परक्या गावात अचानक मराठी कानावर पडली आणि पाय थांबले… असं तो पुढे सांगायचा. पाय कशाने थांबले ते मला त्याच्या वर लागलेल्या डोळ्यांवरून जास्त बरं कळलं होतं.

अनु काठी हातात घेऊनच खाली आली.

"काय दिसलं तुम्हाला?"

"अँटेना," तो म्हणाला. मग गडबडून, "सॉरी, अक्का."

इथे सगळ्या बायकांना अक्का म्हणतात एवढंच त्याला कुणीतरी शिकवलं होतं.

"अक्का म्हणजे थोरली बहीण," अनु म्हणाली. "विचार करून बोला. नंतर बदलून मिळत नाही."

"मग… परत घेतो. आत्ताच घेतो."

किती महिन्यांनी अनु हसली होती, आर्या. आतून अप्पासाहेबांनी "अनु?" अशी हाक मारली. तो आवाज त्यांनाही ओळखू आला नव्हता.

खोली त्याला मिळाली, आत्ता तू राहतेस तीच. त्याची कंपनी हॉलंडच्या एका बँकेचं काम करायची. सन दोन हजार लागलं की सगळे कॉम्प्युटर वेडे होणार म्हणत होते ना, तेच काम. एकदा अप्पासाहेबांची हॉकी स्टिक भिंतीवर बघून तो म्हणाला, "हॉलंडमध्ये एक क्लब आहे, स्वतःचे सामने इंटरनेटवर दाखवतो. इथे बघता येतील. म्हणजे… प्रयत्न करता येईल."

"तुम्ही रोज येणार प्रयत्न करायला?" अनुने विचारलं.

"लागलं तर."

"आणि लगेच जमलं तर?"

"एवढा काही मी हुशार नाही," श्रीरंग म्हणाला.

झालं. त्याचा कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्ये आला. अप्पासाहेबांना लहान पडद्यावर दिसायचं नाही, म्हणून टीव्हीला जोडायचा. आमचा टीव्ही लाकडी दारांचा, त्याला मागे अँटेनाचं एकच भोक. मग कॉम्प्युटरच्या पोटात एक कार्ड, कार्डातून वायर व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरमधून टीव्हीत. आणि फोनची वायर मोडेममध्ये; नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज्ड. ते मोडेम लागताना असं केकाटायचं की पहिल्या दिवशी आमच्या नारळावरचे कावळे घर सोडून गेले. पार तिकडे दूर आनेकलला सापडले म्हणे.

"आजोबा," आर्या म्हणाली.

"बरं, आनेकल सोड. पण केकाटायचं."

चित्र यायचं पोस्टाच्या तिकिटाएवढं. टीव्हीवर मोठं केलं की नुसते हिरवे-लाल चौकोन. एक चौकोन दुसऱ्या चौकोनाला चेंडू द्यायचा, आणि चित्र थांबायचं. थांबलं की थांबलं. चेंडू गोलात जाईतो आमच्या गल्लीत साखरपुडे होऊन जायचे. पण अप्पासाहेबांचा डावा हात चादरीवर हलायला लागला होता. त्या चौकोनांना ते पास कुठे द्यायचा ते सांगत होते.

आणि चित्र थांबलेलं असताना ही दोघं काय करणार? बसायची. टीव्हीच्या मागे वायरी धरून. ती म्हणायची, "तुमची वायर सैल आहे." तो म्हणायचा, "धरून ठेवा स्वल्प." पहिलं कन्नड तो तेच शिकला, स्वल्प. त्या स्वल्पात पूर्ण संध्याकाळ जायची. चित्र सुरू झालं की दोघांची तोंडं पडायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

एकमेकांना लिहायची मात्र सोय नव्हती. कीबोर्डवर काहीही लिहा, ते टीव्हीवर सिनेमाच्या पाटीएवढं उमटायचं, आणि हॉलमध्ये अप्पासाहेब, मी, शेजारच्या अंबुबाई, सगळे बसलेले. एकदा त्याने 'अनु' एवढंच लिहिलं, तर अंबुबाई म्हणाल्या, "अय्यो, पुढे वाच की रे."

मग कंपनीने त्याला हॉलंडला पाठवलं.

निघण्याच्या संध्याकाळी तो अप्पासाहेबांच्या पाया पडला. अप्पासाहेबांनी डाव्या हाताने कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे त्यांची काळी छत्री होती, लाकडी मुठीची. ती त्यांनी मला भर पावसातही कधी दिली नव्हती. ती त्याला दिली.

अनु फाटकापर्यंत गेली. मी मोगऱ्याला पाणी घालत होतो. पाऊस पडून गेला होता, तरी घालत होतो.

"तिकडे ते मला तीन वर्षांचा करार करायला सांगतायत," तो म्हणाला. "मला नाही करायचा. मला इथे यायचंय. या घरात. अप्पांना सोडून तू कुठे येणार नाहीस, ते मला माहीत आहे… मी विचारतही नाही. पण तू ये म्हटलंस, तर येतो."

अनु फाटकाच्या कडीशी खेळत राहिली.

"आत्ता नको सांगूस. करारावर सही करायची त्याच्या आदल्या रविवारी क्लबचा मोठा सामना आहे. डायरेक्ट दाखवणार आहेत. मी गोलपोस्टच्या मागे उभा राहीन, ही छत्री उघडून. ऊन असलं तरी. मला बघ, मग ठरव. सामना संपला की तू नेट बंद कर, मी बूथवरून फोन करीन."

"आणि मला नाही म्हणायचं असेल तर?"

"तर बोलू नकोस. मला ते ऐकवणार नाही. रिसीव्हर बाजूला काढून ठेव. एंगेज्ड लागला की मी समजेन."

"आणि हो म्हणायचं असेल तर?"

"तर उचल. नुसता उचल, अनु. पुढचं मी बघतो."

तो रविवार आला. अनु मोरपंखी साडी नेसली. टीव्हीत दिसणाऱ्या माणसाला आपण दिसत नसतो, हे तिला कुणी सांगायचं? अप्पासाहेबांच्या पाठीला उशा लावल्या. मोडेम केकाटलं. हिरवे चौकोन आले.

आणि गोलच्या मागे, अगदी कडेला, एक काळा ठिपका.

"अप्पा, दिसतंय का?" अनुने विचारलं. स्वतःच म्हणाली, "दिसतंय."

चित्र थांबलं. सुरू झालं. परत थांबलं. तो ठिपका बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती हसत होती. खाली मान घालून पुटपुटायची, ये… ये… फोनवर म्हणायची तालीम. एकच शब्द, त्याची केवढी तालीम.

आता ऐक, आर्या. जीव जातो म्हणालीस ना? तो इथे जातो.

ते डायरेक्ट नव्हतं. डायरेक्ट निघालं होतं तिकडून, पण वाटेत दर पावलाला थांबत, धापा टाकत आमच्याकडे पोचत होतं. हॉलंडमध्ये सामना संपला होता. माणसं घरी गेली होती. श्रीरंग छत्री मिटून बूथमध्ये उभा होता, आणि आमच्या टीव्हीत अजून पहिलाच हाफ चालू होता. तिकडे तो नंबर फिरवत होता, आणि इकडे अनु त्यालाच बघत बसली होती. गोलच्या मागे, छत्री उघडून, तिच्यासाठी उभा असलेला. त्याला बघण्यासाठी फोनची वायर मोडेममध्ये होती. त्याने स्वतःच्या हाताने जोडलेली.

एंगेज्ड. परत फिरवला, एंगेज्ड. नेट चालू असेल, असं त्याच्या मनात आलं. मग म्हणाला, सामना तर केव्हाच संपलाय, सांगितलं होतं तिला, संपला की बंद कर. बाहेर पाऊस लागला. बूथच्या दाराशी एक बाई आपली पाळी यायची वाट बघत होती, तिला पुढे जाऊ दिलं. पुन्हा आत गेला. एंगेज्ड. रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेल्या घराचा आवाजही तसाच येतो, आर्या. त्यात हो-नाही काही फरक नसतो.

हे सगळं त्यानेच पुढे खूप वर्षांनी सांगितलं, इथेच या ओट्यावर बसून. समोरची कॉफी तशीच राहिली होती.

आर्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला होता. तिकडे मॅच चालू होऊन संपलीही असेल. अनुच्या हातातली शेंग फुटायची थांबली होती. आर्याच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवेना.

"आणि मग," मी म्हटलं, "देव काही झोपलेला नव्हता. मी आतून कॉफीचा पेला घेऊन आलो. धोतर नवं, काठ लांब. पाय अडकला वायरीत, आणि मी हा असा आडवा. भिंतीतून वायर निघाली, मोडेम उडून अंबुबाईंच्या ओटीत. टीव्ही काळा. अनु किंचाळणार, तेवढ्यात… फोन वाजला."

"वाजला?" आर्या म्हणाली.

"असा वाजला की आनेकलचे कावळे परत आले. अनुने उचलला. तालीम केलेली ना. म्हणाली, ये. बस. तिकडे तो रडतोय, इकडे ही रडतेय, आणि अप्पासाहेब, ज्यांच्याकडे दोनच शब्द उरलेले, ते तिसरा शब्द बोलले. म्हणाले, गोल."

आर्याने डोळे पुसले, हसली. मग तिने घराकडे बघितलं. ओट्यावर चपलांचे तीनच जोड होते, माझा, अनुचा, तिचा.

"मग ते कुठे असतात, आजोबा? आल्यापासून मी त्यांना एकदाही पाहिलं नाही."

"येईल की. त्याचं काय आहे… विमानं हल्ली…"

"काका," अनु म्हणाली.

ती पातेल्यातले दाणे हाताने सारखे करत होती. वर न बघता, अगदी हळू म्हणाली,

"त्या रविवारी तुम्ही आनेकलला होतात. मित्राच्या घरभरणीला. वायरीला कुणाचाच पाय लागला नाही."