अकरा ओळींचं बाळ

“गोठवलेला गर्भ कुणीतरी टाकीतून काढून बाहेर ठेवला. वितळून वाया गेला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या खोलीच्या भिंती काचेच्या होत्या. “काल भर दुपारी. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर सभेला होतो.”

“गर्भात काही दुरुस्ती केली होती?” वहिनींनी विचारलं.

“घराण्यातला एक आजार काढला होता. कोणता ते विचारू नका, रुग्णाचं गुपित आहे.”

वहिनी खासगी तपासनीस. त्यांचे दीर भाऊजी, निवृत्त कवायत-मास्तर, कायम सोबत. तळघरातल्या प्रयोगशाळेत भाऊजींनी टाकीचं झाकण उचललं मात्र, कानठळ्या बसवणारा भोंगा सुरू झाला. दोन मिनिटांत ते कानांत बोटं घालून बाहेर! भोंगा बंद करायचं बटण टाकीवरच होतं. यंत्रातल्या नोंदीप्रमाणे काल तो वीस मिनिटं वाजला होता; वर सभेपर्यंत आवाज पोचत नव्हता. टाकीला खेटून एक खुर्ची ओढलेली होती.

प्रयोगशाळेतला सहायक सभेला उशिरा पोचला होता. “आधी गर्भातल्या बदलांच्या कागदावर एकच ओळ होती,” तो घुश्शात म्हणाला. “आजार काढा. मग उंची आली, स्मरणशक्ती आली. अकरा ओळी झाल्या! मला पटत नव्हतं. पण मी हात लावला नाही.”

होणाऱ्या बाळाचा बाप ताठ होता. “चूक काय? आपलं पोर चारचौघांत उठून दिसावं असं कुठल्या बापाला वाटत नाही?”

“सह्या दोघांच्या?”

“पहिल्या पानावर दोघांच्या. दुसऱ्यावर, वाढवलेल्या ओळींखाली... माझी.”

आई खिडकीशी पाठमोरी उभी होती. भाऊजींनी दारातून दोनदा हाक मारली. ढिम्म! वहिनी समोर जाऊन बसल्या, तेव्हा मात्र ती बोलली, त्यांच्या तोंडावरची नजर न हलवता. “काल मी घरीच होते.”

“शिष्ट बाई!” बाहेर आल्यावर भाऊजी पुटपुटले. “पण वहिनी, चोर तो सहायकच. काळ्या दगडावरची रेघ.”

“पुसा ती रेघ, भाऊजी. सगळ्यांना बोलवा.”

सगळे काचेच्या खोलीत जमले.

“लपूनछपून आलेला माणूस आधी भोंगा बंद करील,” वहिनी म्हणाल्या. “बटण हाताशी होतं. इथे तर कुणीतरी खुर्ची घेऊन वीस मिनिटं बसलं. भाऊजींना दोन मिनिटं सोसवेना. ज्याला भोंगा ऐकूच येत नाही, तोच तिथे बसू शकतो.” त्या आईकडे वळून सावकाश बोलल्या, “हाच ना घराण्यातला आजार?”

तिने मान डोलावली.

“विशीनंतर माझं ऐकणं गेलं. पोराच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून मीच इथे आले. मग परवा हा नि डॉक्टरबाई या काचेपलीकडे बोलत होते. मी ओठ वाचते. हा म्हणाला, ‘हट्टीपणा आईचा आहे, तोही काढून टाका.’ ती अकरावी ओळ.” तिने नवऱ्याकडे पाठ केली. “वितळेपर्यंत शेजारी बसले. एकटं कसं सोडणार?”

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. “मला तक्रार नोंदवावीच लागेल.”

“जरूर नोंदवा,” वहिनी म्हणाल्या. “दुसऱ्या पानावर आईची सही का नाही, तेही लिहा.”

पेन पुन्हा खाली गेलं.

नवरा बायकोसमोर आला. “मला एका शब्दाने बोलली का नाहीस?”

तिने त्याचे ओठ थांबेपर्यंत पाहिलं.

“मला विचारलं होतंस?”