माझ्याऐवजी ओ देणारी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. मला कोणाला काही पटवून द्यायचं नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. बंगळूर. राजाजीनगरातलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर.

आणि वेळ रात्रीची नाही... दुपारी तीनची.

मी वीणा. वय एकोणतीस. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे सुटे भाग मोजून पास-नापास करते. माझा खालचा जबडा पुढे होता, थेट वडिलांसारखा. खालचे दात वरच्या दातांच्या पाच मिलिमीटर पुढे. पाच मिलिमीटर चुकलेला माल आम्ही सरळ भंगारात टाकतो. आईचंही माझ्याबद्दल साधारण तेच मत होतं.

"तोंड मिटून हस." "बाजूने फोटो काढू देऊ नको."

तिसऱ्या स्थळाने नकार कळवला, तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. जसा काही तो जबडा मीच बाजारातून पसंत करून आणला होता.

शेवटी मी ऑपरेशनला हो म्हटलं. आईने एकदा तरी माझ्याकडे नीट बघावं, एवढ्यासाठी. सांगताना स्वतःचाच राग येतो, पण कारण तेच होतं.

जबडा कापून मागे सरकवला. वरचे-खालचे दात रबरांनी आवळून टाकले. सहा आठवडे बोलणं बंद, चावणं बंद. नाचणीची पातळ आंबील सिरिंजने गालातून आत सोडायची. आईला काही सांगायचं तर चमच्याने पेला वाजवायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नको.

सातवा दिवस. मी खोलीत पडून होते. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "वीणा, किती शिट्ट्या झाल्या गं कुकरच्या?"

तिची सवय ती. मी पेल्याकडे हात नेला.

आणि...

"सहा झाल्या, आई."

आवाज हॉलमधून आला होता.

तो माझा होता. 'स' म्हणताना माझी जीभ दातांबाहेर यायची. हा 'स' तसाच होता.

मी तोंड चाचपलं. रबरं जागच्या जागी होती.

"सरी, बरं," म्हणत आईने गॅस बंद केला. ती दचकलीसुद्धा नाही.

भिंत धरत हॉलमध्ये गेले. टीव्ही बंद. सोफा रिकामा. मी स्वतःला समजावलं की गोळ्यांचा परिणाम असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाचा, हर्षचा, मैसूरहून मेसेज आला.

"अक्का, आत्ता आईच्या फोनवर तुझ्याशी बोलून बरं वाटलं. डॉक्टर उगाच घाबरवत होते की. आवाज तस्साच आहे तुझा!"

मी मेसेज तीनदा वाचला. माझ्या हातात आंबिलीची सिरिंज होती.

मग रोज तीन वाजता... स्वयंपाकघरात दोघींच्या गप्पा सुरू व्हायच्या. आई हसायची. खळखळून. माझ्यासोबत ती तशी कधीच हसली नव्हती, आणि भीतीपेक्षा मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. मी दारात पोहोचले की एकदम शांत. आई ओट्याशी एकटी.

समोर दोन बशा.

एके दिवशी त्यातल्या एकीत खोबऱ्याची अर्धी वडी होती. आईला मधुमेह, ती गोडाला शिवत नाही. आणि मी तर आंबिलीवर.

वडी उचलून पाहिली. वरच्या अंगाला दातांच्या खुणा, खालच्या अंगालाही. पण एकीखाली एक नाहीत... खालच्या खुणा पुढे.

खोलीत जाऊन बॅगेतलं मोजमापाचं व्हर्नियर काढलं. खुणांमधलं अंतर मोजलं.

पाच मिलिमीटर.

मी फोनवर टाइप केलं, 'आई, कोण येतं इथे?' आणि तो तिच्यासमोर धरला.

तिने वाचलं. मग ऑपरेशननंतर पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"कोण येणार? मी आणि वीणा, दोघीच तर असतो," ती म्हणाली. आणि आवाज मऊ करून, "तुम्ही पडा की स्वल्प. दमला असाल."

तुम्ही.

मी पेला वाजवला. वाजवतच राहिले.

"काही हवंय का तुम्हाला?" आईने विचारलं.

माझा मेसेज वाचून हर्ष मैसूरहून धावत आला. माझं बांधलेलं तोंड बघून त्याचा चेहरा उतरला. "मग मी फोनवर कोणाशी बोललो, अक्का?" एवढं एकदाच म्हणाला. आईला डॉक्टरांकडे नेलं. तारीख, वार, शेजाऱ्यांची नावं, सगळं तिने बिनचूक सांगितलं. स्कॅनमध्ये काही नाही. माझ्याकडे बोट करून "ह्या कोण?" विचारलं, तर म्हणाली, "हर्षच्या ओळखीतल्या असतील."

सहा आठवड्यांनी रबरं निघाली. घरी येताना रिक्षात मी सारखा सराव करत होते. ओ, आई. ओ, आई. मला एवढंच म्हणायचं होतं, पण त्या दुसरीच्या आधी म्हणायचं होतं.

दार उघडून आत पाऊल टाकलं. तीन वाजले होते.

"वीणा!" स्वयंपाकघरातून हाक आली.

"ओ, आई!" मी सगळा जोर लावून म्हटलं. जबड्यातून कानापर्यंत कळ गेली.

आणि माझ्या खोलीतून...

"ओ, आई."

आई बाहेर आली. मला बघून थबकली. क्षणभर वाटलं, ओळखलं हिने.

मग ती वळली आणि माझ्या खोलीच्या दाराशी गेली. दारात कोणीच नव्हतं. तिने हात पुढे केला... आणि तिची बोटं हवेत, माझ्या हनुवटीच्या उंचीवर, हळूहळू फिरू लागली.

"किती छान दिसतेस गं," ती म्हणाली. "अगदी ह्यांच्यावर गेलीस."

हे एक वाक्य ऐकायला मी एकोणतीस वर्षं थांबले होते.

आता मी येलहंकाला पीजीत राहते. स्थळं येतात. फोटो सगळ्यांना पसंत पडतो, मीच नाही म्हणते. हर्ष म्हणतो, आई मजेत आहे. तो पुढे बोलत नाही, मीही विचारत नाही.

मागच्या महिन्यात राहवलं नाही म्हणून गेले होते. दुपारीच. जिना चढले, बेलवर बोट ठेवलं. दाबली नव्हती अजून.

आतून आईचा आवाज आला. "वीणा, दारात कोण आहे बघ गं."

पावलं दारापर्यंत आली. थांबली. दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, कोणीतरी श्वास घेत होतं...

"कोणी नाही, आई."

मी बोट काढून घेतलं आणि जिना उतरले. त्यानंतर गेलेले नाही.